शब्बीरभाईचा फळा आणि छातीतलं घड्याळ

बाभुळगावच्या बसस्टँडसमोर, जिनिंगकडं जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी शब्बीर घड्याळसाजाचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं श्वास घ्यायला बाहेर जावं, एवढी टपरी. पण तिच्या दाराला टांगलेला काळा फळा साऱ्या तालुक्याला ठाऊक होता. रोज सकाळी शब्बीरभाई त्यावर खडूनं एका यंत्राची हकिकत लिहीत. रशियानं आभाळात पहिला उपग्रह सोडला तो दिवस, अमेरिकेत टीव्हीवर टेबल टेनिस खेळायचं यंत्र निघालं ते साल, कम्प्युटरनं बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवलं ती तारीख. कुठल्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवरून, कुठल्या उर्दू मासिकातून हे सारं वेचून आणलेलं असे. जिनिंगला कापूस घेऊन चाललेला माणूस बैल थांबवायचा, वाचता येत नसलं तर शेजारच्याकडून वाचून घ्यायचा आणि पुढं निघायचा. फळ्यावरचं कधी खोटं निघालं नव्हतं. निघणार कसं, ते सारं होऊन गेलेलं असायचं.

ते दिवसच वाईट होते. दोन-तीन वर्षांपासून कापसावरची अळी औषधाला ऐकत नव्हती. औषधाच्या दुकानदारांनी डब्यांच्या पेटीमागं भिंतीवरची घड्याळं फुकट वाटली होती. तबकडीवर अळीचं चित्र आणि त्याच्यावर लाल फुली. अळ्या काही मेल्या नाहीत, घड्याळं मात्र साल सरायच्या आत मेली आणि शब्बीरभाईच्या टपरीत येऊन पडली. जिथं विषानं अळी मरत नाही तिथं माणसाचा कशावरचाच भरवसा पक्का राहत नाही, आणि कशावरही चटकन बसतो.

याच टपरीतल्या स्टुलावर रोज सकाळी कमलाकरराव येऊन बसत. तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजून-मापून. दोन वर्षांपूर्वी भर बाजारात त्यांना चक्कर आली. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदयाचा ठेका चुकतो आहे, छातीत कातडीखाली पेसमेकर बसवावा लागेल. नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी कमलाकरराव टपरीत आले, डॉक्टरचा कागद त्यांनी दोनदा काउंटरवर ठेवला आणि दोनदा परत खिशात घातला.

"घाबरता काहून, साहेब?" शब्बीरभाई म्हणाले होते. "बॅटरीवर ठोका देते म्हंजे घड्याळच झालं ते. घड्याळाचं मी पाहून घेईन."

म्हणायला म्हणून गेले. पण कमलाकररावांनी तो शब्द घट्ट धरला. छातीत डबी घेऊन परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून त्यांचा नेम सुरू झाला. स्टुलावर बसायचं आणि काउंटरच्या काचेवर मनगट ठेवायचं. शब्बीरभाई दोन बोटांनी नाडी दाबत आणि भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडं बघत मिनिटभर मोजत.

"बरोबर चालून राह्यलं."

"मागं-पुढं?"

"ना मागं, ना पुढं."

एवढं ऐकलं की कमलाकरराव सदऱ्याचं बटण लावून घरी जात. अख्ख्या गावात म्हण पडली होती की साहेबाच्या छातीतलं घड्याळ शब्बीरभाई चावी देऊन चालवते.

आणि मग त्या डिसेंबरात शब्बीरभाईंनी फळ्यावर होऊन न गेलेली गोष्ट लिहिली.

त्यांची मुलगी कहकशां यवतमाळला कम्प्युटरच्या क्लासला जायची. तिनं येऊन सांगितलं की कम्प्युटरात सनाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले असतात. नव्व्याण्णव संपून शून्य-शून्य आलं की त्याला वाटेल एकोणीसशे साल लागलं, आणि सारा हिशोब गडबडेल. साऱ्या जगात याचीच धास्ती चालू आहे. शब्बीरभाईंनी सकाळी खडू उचलला, 'कम्प्युटर' एवढा शब्द लिहिला आणि थांबले. बाभुळगावात कम्प्युटर होते किती? बैलगाडीवाला कायले थांबेल? त्यांनी तो शब्द पुसला आणि लिहिलं, 'येत्या एक जानेवारीला, ज्या ज्या यंत्रात घड्याळ आहे, ते ते यंत्र गडबडणार.'

त्या दिवशी फळ्यासमोर अशी गर्दी जमली की एसटीच्या ड्रायव्हरला हॉर्न दाबावा लागला. तांड्यावरचा धावजी हातातलं प्लास्टिकचं घड्याळ काढून आत आला.

"भाई, याच्यातबी ते शून्य-शून्य होईन का?"

"तुह्या घड्याळात सनच नाई, धावजी."

"मंग वापस घे न बाप्पा. सन नसलेलं घड्याळ काहून देल्लं मले?"

लोक हसले. शब्बीरभाईही हसले. फळ्यानं इतकी माणसं कधी थांबवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्टूल रिकामं राहिलं. तिसऱ्या दिवशीही. शब्बीरभाईंना वाटलं, थंडी आहे, सर्दी धरली असेल. मग कमलाकररावांच्या पत्नी, शुभदावहिनी, डोक्यावरून पदर घेऊन टपरीच्या दाराशी उभ्या राहिल्या. त्या कधी बाजारात यायच्या नाहीत.

"शब्बीरभाई, तुम्ही ते काय लिहिलं?"

"काय झालं, वयनी?"

"हे जेवत नाहीत. छातीवर हात ठेवून बसतात. मला म्हणाले, शब्बीरभाईनंच सांगितलं होतं घड्याळ आहे म्हणून, आणि शब्बीरभाईनंच लिहिलं की घड्याळं गडबडणार." त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "नागपूरला फोन केला, तर डॉक्टर परदेशी गेलेत, नव्या वर्षात येतील. मुलाला, मंदारला, पुण्याला लावला, तर त्याच्या कंपनीनं एकतीस तारखेला सगळ्यांच्या सुट्ट्या बंद केल्या. कम्प्युटरवर पहारा द्यायचा आहे म्हणे. आता तुम्हीच सांगा, पहारा कोण बिनकामाचा बसवतं?"

शब्बीरभाईंनी चिमटा खाली ठेवला. त्यांनी ओला फडका घेतला आणि तिथल्या तिथं फळा पुसला. पण खडू पुसता येतो, तोंडचं कोण पुसणार?

रमजान चालू होता. संध्याकाळी रोजा सोडायला दस्तरखानावर बसले आणि शब्बीरभाईंनी सारं घरी सांगितलं.

"मैंने कम्प्युटर बोली थी, अब्बा," कहकशां म्हणाली. "'जिस जिस मशीन में घड़ी', ये कब बोली?"

"उस डब्बी में तारीख रहती के नहीं?"

"मेरे को क्या मालूम? क्लास में वो नहीं सिखाते."

त्यांच्या बायकोनं, जोहराबीनं, पाण्याचा पेला पुढं सरकवला. "लिखने के पहले पूछ लेते तो कौनसा खडू घिस जाता था?"

शब्बीरभाई उठून कमलाकररावांकडं गेले. कमलाकरराव खुर्चीत शाल पांघरून बसले होते. दोन-चारच दिवसांत गालांची हाडं वर आली होती.

"साहेब, ऐका. माया भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ हाय न, त्याले सन माहीत नाई. तारीखबी माहीत नाई. त्याले फक्त ठोका माहीत. तुमची डबीबी तशीच असन."

"असन?" कमलाकरराव म्हणाले. "तुम्ही उघडून पाहिली का?"

"नाई."

"मग फळ्यावर काय पाहून लिहिलं होतं?"

शब्बीरभाईंनी सवयीनं हात पुढं केला. कमलाकररावांनी मनगट शालीच्या आत ओढून घेतलं.

त्यानंतरचे दिवस शब्बीरभाईंनी कसे काढले ते त्यांच्या घड्याळांनाच ठाऊक. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, भाव पडलेला, माणसं बैलांना चारा टाकून टपरीच्या कडेला बिड्या ओढत बसलेली. त्यातलंच कोणी विचारी, "भाई, साहेबाचं काय होईन बुवा?" जणू शब्बीरभाईंनीच तारीख काढून दिली होती. मशिदीत दुआ मागताना त्यांना घरच्यांच्या आधी त्या डबीची आठवण होई आणि मग वाटे, डबीसाठी दुआ मागावी तरी कशी? घरी बसल्या बसल्या ते स्वतःची नाडी बघत. ती त्यांना रोज जलद लागे.

एकतीस तारीख शुक्रवारची, जुम्म्याची निघाली. जुम्म्याची नमाज झाली तशी त्यांनी टपरी उघडली नाही, सरळ कमलाकररावांच्या घरी गेले. कहकशांनं एक गोष्ट सांगून ठेवली होती. आपल्याकडं दुपार असते तेव्हाच पूर्वेकडच्या देशांत मध्यरात्र होते. नवं साल आधी तिथं लागतं.

"तिकडं लोक न्यूझीलंडात राह्यते," शब्बीरभाईंनी समजावलं. "त्यांच्यातबी कोणाच्या छातीत डबी असनच. त्यांच्याकडं बारा वाजले अन काही नाई झालं, तं आपल्यालेबी काही नाई."

टीव्हीसमोर खुर्ची कमलाकररावांनीच ओढली. शुभदावहिनी देवापुढं दिवा लावून आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकल्या. केबलवर कुठलंसं शहर दिसत होतं, दिव्यांनी फुललेलं. माणसं उलटे आकडे मोजत होती. शब्बीरभाईंना त्यांची भाषा कळत नव्हती, आकडे कळत होते. ते संपले. आभाळात आतषबाजी उडाली. शहराचे दिवे तसेच राहिले.

"पाहा," शब्बीरभाई म्हणाले. "पाहा साहेब, चालू हाय."

आणि टीव्ही विझला.

टीव्हीचा आवाज गेला तशी घरात एकाएकी इतकी शांतता झाली की बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटी ऐकू आली. बाभुळगावची लाइट जात होतीच, दिवसातून कितीदा तरी जायची. त्या घडीला ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही. शुभदावहिनी तोंडावर पदर धरून खाली बसल्या. कमलाकररावांचा चेहरा राखेसारखा झाला आणि त्यांनी आपण होऊन मनगट पुढं केलं.

"मोजा," ते म्हणाले. "मोजत राहा."

शब्बीरभाईंनी खिशातलं चावीचं घड्याळ काढलं, मांडीवर ठेवलं आणि नाडी धरली. ठोका होता. पुढचाही होता. मिनिट झालं तरी बोटं काढायची त्यांची छाती होईना. वाटायचं, आपण काढली आणि नेमका तेव्हाच थांबला तर? बाहेर उन्हं उतरली. शेजारच्या अंगणात कोणी म्हणालं, "लाइटीची डीपी गेली वाटते." हे ऐकूनही दोघं हलले नाहीत. खोलीत अंधार धरू लागला, घड्याळाचा काटा दिसेनासा झाला, तरी शब्बीरभाईंचे ओठ हलत होते.

"शब्बीरभाई," कमलाकररावांनी हळूच म्हटलं. "बांग झाली."

"काय?"

"बांग झाली केव्हाची. रोजा सोडा."

ज्याच्या घड्याळावर साऱ्या बाजाराची वेळ चालायची, त्याला आपल्या इफ्तारीची वेळ कळली नव्हती. शुभदावहिनींनी अंधारात चाचपडत तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणला. एका हातानं शब्बीरभाईंनी तो खाल्ला. दुसरा हात मनगटावरच होता.

"आता घरी जा," कमलाकरराव म्हणाले. "रात्री बारालाही मोजायला येऊ नका. काही व्हायचं असलं तर तुमच्या बोटांनी थांबणार आहे का ते?"

शब्बीरभाई गेले. पहाटे रोज्याआधीच्या सेहरीला उठले तेव्हा त्यांनी आधी गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहिलं. कमलाकररावांच्या घरात दिवा दिसला नाही. तो झोपेचा अंधार की दुसरा कसला, हे लांबून कळेना, आणि अशा वेळी दार वाजवावं तरी काय म्हणून? रडण्याचा आवाज नव्हता, एवढंच धरून ते परत फिरले. उजाडता उजाडता त्यांनी टपरी उघडली. लंबकाच्या घड्याळाला चावी दिली. स्टूल पुसलं. फळा कोराच ठेवला.

नेमाची वेळ येऊन गेली. कमलाकरराव आले नाहीत. कापसाची एक गाडी गेली, दुसरी गेली. शब्बीरभाईंनी डोळ्याला भिंग लावलं, पण हातातल्या यंत्राचं चाक त्यांना दिसत नव्हतं.

उन्हं टपरीच्या उंबऱ्यावर आली तेव्हा रस्त्यानं इस्त्रीचा सदरा येताना दिसला. पावलं सावकाश, पण सरळ. कमलाकरराव आले, स्टुलावर बसले.

शब्बीरभाईंनी हात पुढं केला.

"राहू द्या," कमलाकरराव म्हणाले. "रात्रभर मीच मोजत होतो. एवढे मोजले की उरलेल्यांचा कंटाळा आला. पहाटे झोप लागली ती आता मोडली." त्यांनी कोऱ्या फळ्याकडं पाहिलं. "मंदारचा फोन आला होता. त्यांच्याकडं काहीच झालं नाही. रात्री रिकामाच होता, तर या डबीचं कम्प्युटरवर शोधून काढलं त्यानं. लिहा."

"काय लिहू?"

"झालेलं लिहा. आता झालेलंच लिहीत जा." आणि त्यांनी साहेबी आवाजात सांगितलं, "एकोणीसशे अठ्ठावन्न साली स्वीडन देशात पहिल्यांदा माणसाच्या छातीत ठोक्याचं यंत्र बसवलं. तो गृहस्थ आजही जिवंत आहे."

शब्बीरभाईंनी पहिलं वाक्य लिहिलं. दुसऱ्याशी खडू अडला.

"लिहा ना."

"आज सकाळचं कोणाले माहीत, साहेब? मंदारनं रात्री पाह्यलं."

एरवी कमलाकरराव रागावले असते, पण रागावले नाहीत. फळा तसाच अर्धा राहिला.

थोड्या वेळानं धावजीची गाडी थांबली. त्यानं कोणाकडून तरी फळा वाचून घेतला, मान वाकडी करून टपरीत डोकावला.

"भाई, मंग पुढं काय झालं त्या माणसाचं? हाय का गेला?"

शब्बीरभाईंनी तोंड उघडलं, पण स्टुलावरूनच उत्तर आलं. अव्वल कारकुनाच्या तोंडून वऱ्हाडी कोणी कधी ऐकली नव्हती.

"हाय न," कमलाकरराव म्हणाले. "बसून हाय."

धावजी हसला, बैलाला हाकारला आणि जिनिंगकडं गेला. कमलाकररावांनी वर्तमानपत्र उघडलं. शब्बीरभाईंनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि उघडं घड्याळ हातात घेतलं. पण दुसरा डोळा त्यांनी मिटला नाही. त्या डोळ्याला सदऱ्याच्या कॉलरच्या वर कमलाकररावांच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. लंबक टकटकत होता. वर्तमानपत्राचं पान उलटलं जाईतो शब्बीरभाई, ओठ न हलवता, मोजत होते.