नापास न होणारी मोटरसायकल

"यंदाही पास झाली," असं ते सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा मयताला जाऊन आलेल्या माणसासारखा असायचा. हेल्मेट काढून काखेत धरायचे, मोटरसायकलच्या पुढच्या दांड्यावर लावलेल्या नव्या स्टिकरवर बोट टेकवायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "घे बाप्पा. यंदाही पास."

आमच्या पेनसिल्व्हेनियात गाडीची दर वर्षी तपासणी करून घ्यावी लागते. परवाना असलेल्या गॅरेजमध्ये गाडी न्यायची, तिथला माणूस ब्रेक, टायर, दिवे, हॉर्न बघतो आणि सगळं ठीक असेल तर पुढच्या वर्षाचं स्टिकर लावून देतो. जुन्या गाडीचे मालक त्या दिवशी देवाचं नाव घेऊन घराबाहेर पडतात आणि गाडी पास झाली की येताना पिझ्झा घेऊन येतात. पास झाल्याचं वाईट वाटणारा माणूस मी एकच पाहिला.

ते मूळचे नागपूरचे, पन्नाशी ओलांडलेले. फिलाडेल्फियाजवळच्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या टीमचे लीड होते. २००३ साली मी पुण्याहून वर्क व्हिसावर आले ती त्यांच्याच हाताखाली, आणि घर मिळालं तेही त्यांच्याच गल्लीत. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारायचे. मला ते जमेना, मी काकाच म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहाने सांगितलं की माझं मॉड्यूल नीट चालतंय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "चालते म्हणू नको. काय केलं की मोडते ते सांग." हे वाक्य मी पुढची पाच वर्षं ऐकलं. आज माझ्या हाताखालच्या मुलांना मी तेच ऐकवते.

मोटरसायकल मरून रंगाची, अवाढव्य. पुढे काच, दोन्ही बाजूंना सामानाचे डबे, मागे बसणाऱ्याला आरामखुर्चीसारखी पाठ. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, आठवडेच्या आठवडे हिंडायला बनवलेली. काकांनी ती जुनी झाल्यावर कुणाकडून तरी घेतली होती आणि ती कधीच कुठे गेली नाही. महाराष्ट्र मंडळातले लोक हसायचे. "काका, काकूंना घेऊन नायगरा तरी करून या." काकाही हसायचे. काकू हसायच्या नाहीत.

काकूंचा उजवा हात मनगटात वाकडा जुळलेला होता आणि मधली बोटं मिटत नव्हती. त्या पूर्वी दातांच्या लॅबमध्ये कामाला होत्या. चिनी मातीचे खोटे दात करायचे, केसाएवढ्या बारीक कुंचल्याने त्यांवर रंग चढवायचा. शेजारच्या खऱ्या दातात आणि त्यांच्या दातात फरक कळत नसे म्हणे. आता त्या डाव्या हाताने भाजी चिरायच्या. मी सुरी मागितली की म्हणायच्या, "बस तू. सावकाश होते, पण होते." अपघात झाला होता एवढंच मला ठाऊक होतं.

२००५च्या वसंतात काका म्हणाले, "शनिवारी तुझी कार घेऊन माझ्या मागे येशील का? इन्स्पेक्शनला जायचं आहे. अंतर ठेव, पण आपल्या मधे कोणाला घुसू देऊ नको."

"का हो?"

"माझा ब्रेक लाइट लागत नाही. मागच्याला समजणार नाही मी थांबलो ते."

"मग आधी दुरुस्त करा ना."

"मीच काढून ठेवला आहे तो."

मला वाटलं मस्करी करताहेत. शनिवारी त्यांच्या मागे गेले. ते गॅरेज आमच्या सगळ्यांच्या माहितीचं. नवा माणूस इकडे आला की मंडळातले लोक आधी तिथला पत्ता द्यायचे, कारण तिथे वेळ जात नसे. मालक मोठ्या पोटाचा, लालबुंद गालांचा, कायम हसरा. हातातला कॉफीचा कप न ठेवताच तो बाहेर आला.

"माय फ्रेंड! म्हातारी कशी आहे?" मोटरसायकलच्या सीटवर त्याने थाप मारली. "आणि मिसेस कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," काका म्हणाले.

तो आत गेला, स्टिकर घेऊन आला, जुनं खरवडलं, नवं चिकटवलं. गाडी सुरूसुद्धा केली नाही. ब्रेक दाबून मागे काय लागतं काय नाही ते बघणं दूरच.

"सगळं ठीक आहे ना?" काकांनी विचारलं. अगदी नम्रपणे विचारलं.

"फॉर यू? ऑल्वेज."

घरी आल्यावर काकांनी ब्रेक लाइट परत बसवला. बसवता बसवता सांगितलं.

मी येण्याच्या आदल्या हिवाळ्यात त्यांनी काकूंची कार ह्याच गॅरेजात तपासून घेतली होती. स्वतः तिथल्या खुर्चीवर बसून कॉफी प्यायले होते. खिडकीतून कार दिसत होती. ती जागची हललीही नाही आणि पास झाली. "मला बरं वाटलं होतं," काका म्हणाले, "लवकर सुटलो म्हणून." थोड्याच दिवसांनी काकू लॅबमधून घरी येत होत्या. उतारावर, सिग्नलला, ब्रेकचं पेडल थेट खाली गेलं आणि कार पुढच्या ट्रकच्या मागच्या बाजूखाली घुसली. मोडकी कार जिथे ओढून नेली होती तिथल्या माणसाने ती उचलून काकांना दाखवली. ब्रेकची नळी गंजून चाळण झाली होती. गंज जुना होता. गाडी एकदा जरी वर उचलली असती तरी कोणालाही दिसला असता.

"वकिलाकडे नाही गेलात?"

"गेलो. तो म्हणे एका गाडीवरून काही सिद्ध होत नाही." काकांनी स्क्रू घट्ट केला. "म्हटलं, ठीक आहे. दुसरी गाडी आणू."

ही ती दुसरी गाडी. पहिल्या वर्षी त्यांनी हॉर्नची वायर काढून नेली होती. पास. दुसऱ्या वर्षी पुढचा दिवा. पास. दर वेळी ते राज्याच्या परिवहन खात्याला कळवायचे आणि दर वेळी उत्तर यायचं की एखादी नजरचूक होऊ शकते, आम्ही तुमचं नाव न सांगता गॅरेजला समज देऊ.

"पण काका, तो तर तुमच्याशी इतका चांगला वागतो. तुम्ही त्याला सांगितलं का नाही, काय झालं ते?"

"हॉस्पिटलात फुलं पाठवली होती त्याने. चिठ्ठीत लिहिलं होतं, लवकर बऱ्या व्हा." ते उठून उभे राहिले. "सांगितलं तर तो सॉरी म्हणेल. खरंच म्हणेल, मनापासून. मला सॉरी नको आहे, बाप्पा. मला ते गॅरेज बंद पाहिजे."

तुम्हीही सूड घेणारी माणसं पाहिली असतील. आरडाओरडा करणारी, दारू पिऊन शिव्या देणारी, भावाभावांत कोर्टकचेऱ्या करणारी. काकांचा आवाज कधी चढला नाही. ते ऑफिसात वेळेवर यायचे, रिलीजच्या दिवशी सगळ्यांसाठी इडल्या आणायचे, आणि वसंत आला की पुढचा दोष कोणता ठेवायचा याचा विचार करायचे. दोष असा हवा की रस्त्यावर दुसऱ्या कोणाला इजा होणार नाही, पण तपासणाऱ्याला तो दिसल्याशिवाय राहणार नाही.

काकूंना हे पसंत नव्हतं. एकदा माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "दर वर्षी गाडी मोडायची आणि त्याच्या दारात नेऊन उभी करायची. याला काय म्हणतात?"

"टेस्टिंग."

"मला तुमच्या टेस्टिंगमध्ये घेऊ नका. हात माझा आहे."

काकांनी फावडं उचललं. बाहेर गेले आणि अंगणातला बर्फ ओढायला लागले. खरं म्हणजे तो आधीच ओढून झाला होता.

२००६ साली त्यांनी पुढच्या चाकाला एक टाकाऊ टायर चढवून घेतला. पार गुळगुळीत, एका बाजूला आतले धागे वर आलेले. तो घालून गाडी चालवणं धोक्याचं होतं, म्हणून त्यांनी भाड्याने ट्रेलर आणला. मोटरसायकल त्यावर दोरांनी बांधली आणि आम्ही ती गॅरेजच्या दारात नेली. म्हणजे जी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही ती दुसऱ्या गाडीवर घालून, रस्त्यावर चालवायला योग्य आहे असं लिहून घ्यायला आम्ही चाललो होतो. वाटेत मला हसू यायला लागलं. काका म्हणाले, "हस, हस. त्याच्यासमोर हसू नको फक्त."

मालकाने ट्रेलर बघितला आणि तोच हसला. "काय, म्हातारीला आता चालवत नाही का?"

"थकली आहे," काका म्हणाले.

त्याने मोटरसायकल ट्रेलरवरून खाली काढायलाही सांगितलं नाही. ट्रेलरवर चढून, दोराच्या वरून हात घालून स्टिकर लावलं.

त्या वेळी खात्यात फोन उचलला तो एका बाईने. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तो टायर आत्ता कुठे आहे?"

"गाडीवर. तुमच्या स्टिकरशेजारी."

ती स्वतः आली. काकांच्या ड्राइव्हवेत गुडघे टेकून बसली, टायरच्या धाग्यांवरून बोट फिरवलं, स्टिकर बघितलं. नंतर खात्याच्या माणसांनी ओळख न देता आपल्या नादुरुस्त गाड्या त्या गॅरेजात नेल्या. त्याही पास झाल्या. गॅरेजचा परवाना गेला, आणि तपासणीवरच चालणारं ते गॅरेजही थोड्या दिवसांत बंद झालं.

काकांनी मला तिथे घेऊन चल म्हटलं. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "तू कारमध्ये बस." मी काच खाली करून बसले.

पाटी उतरवलेली होती. मालक व्हॅनमध्ये सामान भरत होता. काकांना बघून तो थांबला. या वेळी माय फ्रेंड म्हणाला नाही.

"एका मोटरसायकलवरून सुरू झालं म्हणे. तूच का?"

"हो."

"पण का? मी तुला एकदाही नापास केलं नाही."

"म्हणूनच," काका म्हणाले.

मग त्यांनी त्याला त्या हिवाळ्याबद्दल सांगितलं. नळीबद्दल, उताराबद्दल, हाताबद्दल. इंग्रजीत, सावकाश, मीटिंगमध्ये एखादा बग समजावून सांगावा तसं. तो माणूस हळूहळू व्हॅनच्या पायरीवर बसला. त्याचे गाल पांढरे पडले होते. "आय ॲम सो सॉरी," तो म्हणाला. दोनदा म्हणाला.

"आय नो," काका म्हणाले आणि परत आले. कारमध्ये बसल्यावर म्हणाले, "भूक लागली." आम्ही वाटेत थांबलो. त्यांनी दोन डोनट खाल्ले. इतक्या चवीने खाताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत एकाने त्यांना गाठलं. "काका, कशाला हो हे केलंत? सगळ्यांची सोय होती."

"सोय," काका म्हणाले. "तुझी कार तिथेच पास झाली ना?"

"हो, मार्चमध्ये."

"मुलं कोणत्या कारमध्ये बसतात तुझी?"

तो माणूस प्रसादाची वाटी घेऊन तसाच उभा राहिला. काकांनी त्याच्याकडे पाठ केली आणि पुन्हा कधी त्याच्याशी बोलले नाहीत. त्याचं काहीसं मलाच वाईट वाटलं. काकांना वाटलं नाही.

शेवटी एकदा मी विचारलंच. मला वाटत होतं, त्यांना आता आतून रिकामं वाटत असेल, तो मालक पायरीवर बसलेला आठवत असेल. "काका, कसं वाटतं आता?"

"मस्त वाटते."

"खरंच?"

"सूड घेऊन काही मिळत नाही असं सांगतात लोक. त्यांच्यापैकी कोणी घेऊन पाहिला आहे? मला झोप लागून राहिली आहे आता. चार वर्षांत लागली नव्हती."

काकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी ऐकलं. "यांना लागते झोप," त्या तिथूनच म्हणाल्या. "माझा हात थंडीत ठणकतो. मी असते जागी, यांचं घोरणं ऐकत."

काका उठले. गरम पाण्याची पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळली आणि त्यांच्या मनगटाखाली ठेवली. काकूंनी हात काढून घेतला नाही.

पुढच्या वसंतात काका मोटरसायकल दुसऱ्या गॅरेजात घेऊन गेले. या वेळी मुद्दाम काही मोडलेलं नव्हतं. तिथल्या माणसाने दोन्ही चाकं काढली, वाकून बघितलं, हलवून बघितलं आणि पुढच्या ब्रेकचे पॅड संपलेत म्हणून गाडी नापास करून परत दिली. काकांनी मला तिथूनच फोन केला. त्यांना बोलता येईना इतकं हसू येत होतं.

२००८च्या उन्हाळ्यात काका आणि काकू मुलीकडे सांता क्लाराला कायमचे राहायला गेले. काकू विमानाने गेल्या. काकांनी मोटरसायकलवरून जायचं ठरवलं, सगळा देश आडवा पार करून. मुलगी फोनवर ओरडली, मंडळातल्यांनी समजावलं, काकूंनी एवढंच सांगितलं, "रोज संध्याकाळी फोन करा."

रविवारची सकाळ होती. गल्ली झोपलेली होती. मी कॉफीचा मग घेऊन दारात उभी होते. डबे गच्च भरलेले, काचेला नवा नकाशा अडकवलेला. ते निघाले. कोपऱ्यावर स्टॉपची पाटी आहे. तिथे कोणीच थांबत नाही, मीही वेग कमी करते आणि निघते. काकांनी गाडी पूर्ण थांबवली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं. दूरवर कुठेही काही येत नव्हतं. मग पाय वर घेतले आणि सावकाश वळून गेले.