अर्धी गोळी

काल सोसायटीत अध्यक्षांचा सत्कार होता. शाल-श्रीफळ झालं, मग गच्चीवरची टाकी धुऊन घेतल्याबद्दल त्यांना युगपुरुष ठरवणारं पाऊण तासाचं भाषण झालं. मध्येच माझं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. ते मनापासून टाळ्या वाजवत होते.

तेव्हापासून मी धास्तावलो आहे. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी मन शांत राहावं म्हणून रोज अर्धी गोळी सुरू केली. तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा मेंदूतल्या कुठल्या रसायनाला काय सांगतो, कोण जाणे. पण अशा भाषणांना तीस वर्षं खवचट हसत आलेला माणूस गेला कुठे? तो मी होतो, की नुसती त्या रसायनाची कमतरता?

आज सकाळी बायकोने पाण्याचा पेला पुढे केला, तरी मी गोळी तळहातावर धरून बसलो.

“घ्या,” ती म्हणाली. “हल्ली कुठे जरा माणसात आलात.”

“मग आधी कोण होतं?”

“त्याच्याशी संसार मी केलाय. मला नका विचारू.”

मी गोळी घेतली. निदान ही धास्ती तरी माझी स्वतःची आहे, एवढाच आधार होता. तासाभराने तीही ओसरू लागली.