पचमढीच्या उतारावरचं क्लब मॉस

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की काहीतरी काम काढून उठायचो.

इंदूरच्या एका कॉलेजात मी बॉटनीचा हेड होतो. इन्स्पेक्शनची टीम यायची होती. प्रिन्सिपल गार्डनमध्ये वैतागले, "प्रोफेसर साहेब, गुलाब तर माझ्या घरीपण आहेत. टीमला कुछ रेअर दाखवा ना!"

पचमढीजवळ एका पाझरत्या उतारावर क्लब मॉस होतं. नावात मॉस असलं तरी ते शेवाळ नव्हे. ही फार जुन्या वंशाची, फुलं-बिया नसलेली वनस्पती. दिसते चिमुकल्या देवदारासारखी. तिला कायम ओल लागते, आम्लधर्मी माती लागते आणि त्या मातीतली बुरशीही लागते.

माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा वासनिक आता आमच्याकडेच शिकवत होती. महूहून रोज अप-डाउन करायची. त्याच उतारावर तिची पीएचडी चालू होती. फॉरेस्टचं परमिट तिच्या नावावर, तेही फक्त निरीक्षणाचं.

"सर, कुंडीत नाही जगणार ती."

"टीम जाईपर्यंत जगली तरी पुरे."

"आणि माझं काम?"

"अगं, उरलेल्यावर कर ना. सगळी थोडीच उपटतोय?"

सगळीच उपटली गेली. या वनस्पतीचं खोड जमिनीवर सरपटत जातं आणि जागोजागी मुळं धरतं. एक टोक ओढलं, तर अख्खी जाळी मातीसकट हातात आली. नाक्यावर गाडी अडवली, तेव्हा मी सुनंदाच्या परमिटची झेरॉक्स दाखवली; गार्डनं ती न वाचताच परमिटचा नंबर टिपून गाडी सोडली.

टीम खूश झाली. नंतर कुंड्या पिवळ्या पडू लागल्या. मी पाणी वाढवलं, मग कमी केलं. एकही जगली नाही.

मग फॉरेस्टची चौकशी आली. परमिट सुनंदाचं, म्हणून जबाबदारीही तिचीच धरली. अधिकाऱ्यानं मला विचारलं, "आपको पता था, सर?"

"जी नहीं."

सुनंदा समोरच बसली होती. तिची नोकरी पक्की व्हायची होती आणि तिचा रिपोर्ट मीच लिहायचो. तिनं समोरच्या जबाबावर सही केली. परमिट रद्द झालं, पीएचडी सुटली, नोकरीही पक्की झाली नाही. पुढं ती एका शाळेत लागली. उतारावर गवत माजलं.

झाड हलवता येतं, त्याची जागा हलवता येत नाही. हे मी बी.एस्सी.च्या पोरांना दरवर्षी शिकवत होतो.

गेल्या हिवाळ्यात तिच्या मुलीच्या लग्नाला महूला गेलो. आमंत्रण तिनंच पाठवलं होतं. मला स्टेजवर नेऊन ती जावयाला म्हणाली, "हे माझे सर. पचमढीचं जंगल मला यांनीच पहिल्यांदा दाखवलं."

"सुनंदा, तेव्हा मी..." एवढंच तोंडातून निघालं.

खालून फोटोवाला जावयाला ओरडून म्हणाला, "भिया, अंकलजी को बीच में लो! अंकलजी, स्माइल!"

मी स्माइल दिली.