बोटभर उघडी काच

कॅनडातल्या ब्रॅम्पटनमधली जानेवारीची सकाळ होती. डोळे तपासायला मी टॅक्सीने निघाले होते. ड्रायव्हर साठीचा, पंजाबी. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. रेडिओ बंद, आणि एवढ्या थंडीत स्वतःकडची काच बोटभर उघडी! रस्ता तर स्वच्छ, काळाभोर दिसत होता. कान गारठले, तशी मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "भाईसाब, काच बंद करो ना, बुढ्ढी को मारोगे क्या?"

"माताजी, बरफ दिखती नहीं, सड़क जैसी ही लगती है," तो म्हणाला. "टायर की आवाज़ बंद हो जाए, तो समझो नीचे बरफ है. पुल पर तो सबसे पहले जमती है."

पूल आला तसा त्याने वेग कमी केला आणि मान खिडकीकडे कलती केली. पूल ओलांडल्यावर आपणहून सांगू लागला. त्याची मुलगी कॉलेजातून घरी येत होती, गाडी चालवता चालवता फोनवर त्याच्याशी बोलत होती. मागे टायरची घरघर ऐकू येत होती. ती घरघर एकदम थांबली.

"मैंने पूछा, पहुँच गई, बेटा?"

एवढं सांगून त्याने पुन्हा कान काचेच्या फटीकडे लावला. दुसरा पूल दिसला, तेव्हा मी माझ्याकडची काच बोटभर खाली केली.