माव्याच्या भीतीचा वास

त्या हिवाळ्यात मोताळ्याजवळच्या आमच्या मळ्यात मिरचीवर मावा पडला, पानांखाली बसणारी बारीक हिरवी कीड. मावा रस पितो एवढंच असतं तर निभावलं असतं. तो एका झाडाचा रोग दुसऱ्याला नेतो. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडतात, शेंडा आखडतो आणि मग त्या झाडाला औषध नाही. फवारणी केली तरी मरण्याआधी सोंड टोचून तो रोग देऊन मोकळा होतो.

तेव्हा कृषी महाविद्यालयातले एक सर आमच्याकडे आले. चिरडलेला मावा एक वास सोडतो आणि त्या वासानं बाकीचे घाबरून पळतात, असं त्यांनी सांगितलं. मावे चिरडून काढलेला अर्क त्यांनी बाटलीत आणला होता. मी प्रयोगाला बांधाकडच्या चार ओळी दिल्या.

अर्क शिंपडल्यावर मला कसलाच वास आला नाही. पण पानांखाली गच्च बसलेले मावे एकदम हलले आणि खाली पडू लागले. सर हरखले.

बांधापलीकडे शेजारच्या चाचांची मिरची होती. ते उकिडवे बसून मातीकडे पाहत होते.

"भाऊ, हे मरून नाही राह्यले. चालून राह्यले."

मी वाकलो. बारीक हिरवे ठिपके बांध चढत होते. तरी म्हणालो, "काही होत नाही, चाचा. सरायले समजते."

दोनच दिवसांत वास उडाला नि माझ्या ओळींवर मावा परत बसला. पंधरवड्यात चाचांची बांधालगतची ओळ पिवळी पडली. मी रोज सकाळी पाहायचो. रोज एखादं पिवळं झाड वाढलेलं असायचं. शेवटी राहवलं नाही.

"चाचा, मले तवाच दिसलं होतं."

"मलेही दिसलं होतं," ते म्हणाले. "म्हणूनच तुले सांगतलं ना बे."

त्यांनी झाड उपटलं. मी दुसरं उपटलं. दुपारपर्यंत आम्ही उपटत राहिलो.

सर पुन्हा आले. टिकणारा वास बनवायचं चाललंय, आणखी ओळी द्या, म्हणाले. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी मळ्याच्या दुसऱ्या बाजूच्या शेताकडे हात केला.

"तिकडंही मिरचीच हाय, साहेब."

मी नाही म्हणालो. सरांनी बाटली पिशवीत टाकली.

संक्रांतीपर्यंत सगळं शिवार पिवळं पडलं. जिथे अर्काचा थेंबही गेला नव्हता, तिथेसुद्धा.