हळद-कुंकू लावलं ते जुन्या इंजिनाला

मंडळी, आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की "काय घेतलंवतंस काल?" असं तोंडावर विचारणारा माणूस मी. नोकरी फौंड्रीत, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, भट्टीवर. रोज डोळ्यांसमोर लोखंडाचं पाणी होतं. लोखंडाला जीव-बीव असता तर मला डबा गोड लागला नसता. तरीही हे लिहितोय, कारण हे सगळं एकट्यानं डोक्यात घेऊन फिरणं आता जमेना झालंय. हसायचं तर हसा.

गेल्या वर्षी माझ्या बायकोला, सुनंदाला, छातीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, मग डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. सोमवार ते शुक्रवार, रोज, कोल्हापुरात. मध्ये खंड पडू द्यायचा नाही, हे त्यांनी मला बाजूला घेऊन पुन्हा बजावलं. आम्ही राहतो कागलला. एकदा एसटीनं नेऊन बघितलं… काखेखालची कातडी भाजून निघालेली, त्यात गर्दीत कुणाचा तरी कोपर लागला आणि ती दोन सीटांच्या मध्ये खालीच बसली. त्या दिवसापासून आमची जुनी पांढरी गाडी हाच आधार. सकाळी तिला नेऊन आणायचं, घरी सोडायचं आणि मग दुपारच्या शिफ्टला पळायचं. भाड्याची गाडी रोज करणं आवाक्याबाहेरचं होतं, आणि पाहुण्यांच्या गाड्यांना नेमकी त्याच महिन्यात कामं निघाली.

गाडी माझ्या नावावर, पण तिच्यावर जीव सुनंदाचा. दसऱ्याला झेंडूची माळ तिनं करायची, लांबचा प्रवास झाला की बॉनेटवर थाप मारून "दमलास व्हय रे?" म्हणायचं. "मला कधी विचारतीस का असं?" म्हणून मी चिडवायचो.

रेडिएशन निम्म्यावर आलं होतं. एका शुक्रवारी परत येताना उजळाईवाडीच्या पुढं इंजिनात खडखड झाली, धूर आला आणि गाडी बंद. टोचन लावून कागलला शौकतभाईंच्या गॅरेजात आणली. शौकतभाई म्हणजे आमचे कायमचे मेकॅनिक; बोलायला फटकळ, पण हात चांगला.

"दादा, इंजिन धरलंय, पार जाम झालंय. ह्येच्यात आता काय न्हाय. दुसरं टाकाय लागंल."

"सोमवारी सकाळी गाडी पाहिजे, शौकतभाई."

"सोमवारी? चेष्टा करताय व्हय?"

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. आणखी बोललो असतो तर रडलोच असतो. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हात पुसत म्हणाले, "बघतो की. आनतो कुठनं तर."

अपघातातल्या एका गाडीचं इंजिन त्यांनी भंगारवाल्याकडून उचललं. हातानं फिरवून बघितलं, फिरत होतं. दोन दिवस खपून ते बसवलं. रविवारी संध्याकाळी मी गाडी बघायला निघालो तर सुनंदा हट्टानं बरोबर आली. गॅरेजात आल्यावर तिनं पिशवीतनं हळद-कुंकवाची पुडी काढली, जास्वंदीचं फूल काढलं, आणि गाडीकडं न जाता सरळ कोपऱ्यात गेली. तिथं आमचं जुनं इंजिन एका टायरवर टाकून ठेवलं होतं.

"वहिनी, नवं हिकडं हाय की!" शौकतभाई हसायला लागले. "त्ये मेलंय!"

"नव्याला काय म्हाईत आमचं?" सुनंदा म्हणाली. "ह्येला सगळी वाट पाठ हाय."

मला लाजल्यासारखं झालं. पण तिला वाकताना किती त्रास होतोय ते दिसत होतं, म्हणून तिची पिशवी धरून उभा राहिलो. तिनं त्या तेलकट लोखंडाला हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं आणि हात टेकवून हळूच बोलली, "दवाखाना संपस्तोवर तेवढं ने बाबा. मग तुला सुट्टी."

सोमवारी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. आवाज अगदी ओळखीचा… मी मनात म्हटलं, चला, सुटलो. गोकुळ शिरगाव मागं पडल्यावर लक्षात आलं की टेंपरेचरची सुई हललेलीच नाही. सगळ्यात खालच्या खुणेवर चिकटून बसलेली. दवाखान्यात सुनंदाला आत पाठवून मी बॉनेट उघडलं आणि इंजिनावर हात ठेवला.

गार. अहो, पार गार. कागल ते कोल्हापूर पळून आलेलं इंजिन! मी भट्टीवरचा माणूस आहे, मला गरम-गार शिकवायला नको. मी वेड्यासारखा सगळीकडं हात लावत सुटलो. रेडिएटर गार, पाइप गार.

शौकतभाईंना फोन लावला. "सेन्सर गेला आसंल," म्हणाले. "सेन्सर गेल्यावर हाताला गार लागतंय व्हय?" म्हणून मी ओरडलो. सुनंदाला घरी सोडलं आणि तसाच गॅरेजात गेलो. ते दारातच उभे होते, चेहरा उतरलेला. कोपऱ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "मांजार बघा."

गॅरेजातलं मांजर जुन्या इंजिनावर अंग पसरून झोपलं होतं, थंडीत चुलीजवळ झोपतात तसं. त्याला हुसकून मी हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. चटका बसला. त्या इंजिनात तेल नव्हतं, पाणी नव्हतं, त्याला कशाचीही जोडणी नव्हती. टायरवर पडलेलं धूड ते. आणि लांब चालवून आणल्यासारखं तापलेलं.

"सकाळी तुमी निगाला, तवापास्नं," शौकतभाई म्हणाले. "दादा, मला हात लावू वाटंना झालंय."

खरं सांगतो, मला भीती वाटली. पण भीतीपेक्षा मोठी गोष्ट माझ्या घरात कॉटवर पडली होती. मी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "चालतंय न्हवं? मग ह्येला कुणी हात लावायचा न्हाय. आनि गाडीचं बॉनेटबी उघडायचं न्हाय." त्यांनी मान हलवली. सुनंदाला मी काहीच सांगितलं नाही. ती रोज गाडीतनं उतरताना बॉनेटवर थाप मारायची आणि म्हणायची, "आज तापली न्हाय बघा, गुणाची हाय."

शेवटचा आठवडा आला. शौकतभाई बहिणीकडच्या लग्नासाठी मिरजेला गेले होते. आम्ही दवाखान्यातनं परत निघालो आणि गोकुळ शिरगावच्या पुढं गाडीला धाप लागल्यासारखं झालं. ॲक्सिलरेटर दाबावा तर ओढ नाही. गाडी कडेला घेऊन, इंजिन चालूच ठेवून, शौकतभाईंना फोन केला. त्यांनी मागं गॅरेज सांभाळणाऱ्या भावाला विचारलं आणि परत फोन केला.

"दादा, म्या बजावलंवतं की त्येला… त्यानं शेड झाडली. भंगारचा टेंपो त्ये घेऊन सकाळीच गेला. तुमच्याच फौंड्रीत गेलाय म्हनं."

लक्ष्मी टेकडीवरनं गाडी एमआयडीसीकडं वळवली. सुनंदा विचारत होती, "अवो, घर सोडून हिकडं कुठं?" मी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला होता. सायकलवाला ओव्हरटेक करेल अशा चालीनं गाडी फौंड्रीच्या गेटपर्यंत आली. ती चालू ठेवून, सुनंदाला आत बसवून, मी स्क्रॅपयार्डात पळालो.

क्रेनचं मॅग्नेट खाली येत होतं. ढिगाच्या वरच आमचं इंजिन होतं, त्यावर हळदीचा पिवळा डाग तसाच. मी ओरडलो, पण त्या आवाजात कोण ऐकतंय? मग मी ढिगावर चढलो आणि त्याच्यावर आडवा पडलो. शर्टातनं दंड भाजला तरी सोडलं नाही.

आमचे सुपरवायझर मानेसाहेब धावत आले. "मरायचं हाय काय रे? भट्टीचा चार्ज खोळंबलाय आनि तू भंगाराला मिठी मारतोयस?"

"साहेब, ह्ये नको. पाया पडतो, एवढं ठेवा. बायकोची ट्रीटमेंट संपस्तोवर."

"बायकोचा नि ह्येचा काय संबंध?"

"मला म्हाईत न्हाय, साहेब. खरंच म्हाईत न्हाय."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी त्यांच्यापुढं कधी हात जोडले नव्हते. त्यांनी गेटकडं बघितलं. गाडीत डोक्याला रुमाल बांधून सुनंदा बसलेली दिसत होती. मग ते क्रेनवाल्याला म्हणाले, "त्ये बाजूला ठेव रं. शेडच्या मागं."

मी परत आलो तेव्हा गाडी नीट चालू होती. "मगाशी बंद पडाय आलीती," सुनंदा म्हणाली, "मग आपोआप सावरली." घरी आल्यावर तिनं माझा भाजलेला दंड बघितला. स्वतःची रेडिएशनची क्रीम आणून तिनं माझ्या हाताला लावली. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ती नुसती "हं" म्हणाली, जशी काही तिला आधीच कल्पना होती.

शेवटचं रेडिएशन झालं. गाडी आम्हाला घेऊन दारात आली, मी किल्ली फिरवून बंद केली, आणि ती पुन्हा सुरू झाली नाही. शौकतभाईंनी आमच्या अंगणातच इंजिन खोललं. आत तिन्ही पिस्टन गंजून धरलेले होते. जुना गंज, थरावर थर. ते खाली बसले आणि म्हणाले, "ह्ये कवाच फिरल्यालं न्हाय, दादा. पण म्या सोताच्या हातानं फिरवलंवतं की… सोता स्टार्ट केलंवतं."

"सांगून या त्याला," सुनंदा म्हणाली. "झालं म्हणावं."

मी फौंड्रीत शेडमागं गेलो. जुनं इंजिन गार पडलं होतं. कुणी बघत नाही ना ते बघून मी त्याला सांगितलं, आणि माझ्याच शिफ्टला ते भट्टीत गेलं. त्या दिवशी आम्ही पंपांच्या बॉडी ओतत होतो. कुठल्या तरी विहिरीवर असेल आता.

याचा अर्थ काय, मला विचारू नका. मी लोखंडाविषयी जेवढं जाणतो तेवढं सगळं लावून बघितलं, काही लागत नाही. पण मला झोप येत नाही ती त्यामुळं नाही. पाठ दुखते म्हणून गेल्या महिन्यात सुनंदाचा स्कॅन केला. आता हाडात आहे. पुन्हा रेडिएशन, पुन्हा तोच रस्ता. तिनं त्या इंजिनाकडं फक्त जाण्या-येण्याचं मागितलं होतं, आणि तेवढं तिला मिळालं. बरं होणं तिनं मागितलंच नाही हो. मीही शेडमागं उभा राहून "झालं" एवढंच म्हणून आलो.

गाडीत आता तिसरं इंजिन आहे. चांगलं आहे, शौकतभाईंनी चारदा तपासून घेतलंय. सुनंदा यालाही हळद-कुंकू लावते, थाप मारते, गाडीत बसते आणि डोळे मिटून घेते. उजळाईवाडी येईपर्यंत टेंपरेचरची सुई बरोबर मध्यावर येते, चांगल्या इंजिनाची यायला पाहिजे तशी. मी रोज रस्त्यापेक्षा त्या सुईकडंच जास्त बघत असतो. त्या वेळेसारखी ती खाली राहावी म्हणून.