हळू आलेले बॉल

थंडीत गोठलेली खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवली, की त्या वासाने मला चऱ्होलीचं मैदान आठवतं. माझी शर्वरी तेव्हा नववीत होती. बेसबॉलच्या जिल्हा संघात पिचर म्हणून, म्हणजे बॉल टाकायला, निवड व्हावी, म्हणून थंडीभर सराव चालायचा. बॉल पकडायला मी. रात्रीची थर्ड शिफ्ट संपली की चाकणच्या कारखान्यातून बाइकवर थेट मैदान गाठायचो, खोबरेल लावलेला, थंडीने ताठरलेला ग्लोव्ह गरम इंजिनावर मऊ करायचो आणि हेल्मेट न काढताच तिच्यासमोर उकिडवा बसायचो. काचेवर वाफ धरायची, डोळे मिटायचे, तरी बॉल बरोबर हातात यायचा.

"बघितलास बापाचा हात?" मी ऐटीत म्हणायचो.

एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, जरा टेका. मी भिंतीवर टाकते."

टेकलो, आणि दचकून जागा झालो. भिंतीवर बॉल असे आदळत होते की साळुंक्या उडून गेल्या. मग मला येत होते ते कसले बॉल?

"शर्वरे, मलाही तसाच टाक."

"नको. झोपेत असता तुम्ही. लागेल."

"निवडीला झोपाळू बाप नसणारे. टाक!"

तिने टाकला. मी ग्लोव्हसकट उताणा पडलो, पण बॉल सोडला नाही. तिची निवड झाली. माझी कंबर धरली.

तो बॉल मी वर्षानुवर्षं मिरवला. आता शर्वरी स्वतः थर्ड शिफ्टहून येते आणि बूट न काढताच सोफ्यावर झोपते. तेव्हा आठवतात ते आधीचे, हळू आलेले बॉल. मी दार आवाज न करता लावून घेतो.